३१६ वरून ४२१ : वाढ नेमकी किती टक्के?

फलकावर एकच ओळ लिहायची होती. ‘हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५९ पासून २०२३ पर्यंत अमुक टक्क्यांनी वाढला.’ त्या ‘अमुक’च्या जागी आकडा घालायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली. दोन संख्यांमधली शेकडा वाढ काढणं हे सातवी-आठवीचं गणित, आणि ते आपल्याला येतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या संध्याकाळी ती समजूत तपासून बघावी लागली.

आम्ही चौघं होतो. गणित शिकवून निवृत्त झालेले सर, नववीतली एक मुलगी, आकडे गोळा करून आणणारा एक तरुण आणि मी. एका छोट्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवामानबदलावर फलक करायचा होता. तरुणाने आणलेले आकडे चोख होते. हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर एक वेधशाळा आहे. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. मधले थोडे खंड सोडले तर ही मोजणी आजवर चालू आहे. तिच्यातून जो चढता आलेख तयार झाला तो ‘कीलिंग वक्र’ म्हणून जगभर ओळखला जातो. १९५८ ची नोंद वर्षाच्या मधूनच सुरू झालेली, म्हणून पहिलं पूर्ण वर्ष १९५९. त्या वर्षाची सरासरी दशलक्ष भागांत सुमारे ३१६ भाग. २०२३ ची सरासरी सुमारे ४२१.

दोन आकडे समोर होते. प्रत्येकाने आपापलं उत्तर कागदावर लिहून मध्ये ठेवायचं ठरलं. मुलीचा कागद : २५ टक्के. सरांचा : ५०. तरुणाचा : १०५. आणि माझ्या लॅपटॉपवर स्प्रेडशीट सांगत होती : ४२०००.

माझ्यापासूनच सुरुवात करते, कारण माझी चूक सगळ्यात ढोबळ होती आणि ती लगेच सापडली. मी सेलमध्ये ‘नवी वजा जुनी भागिले जुनी’ असं सरळ टाइप केलं होतं, कंस न घालता. संगणक आधी भागाकार करतो. त्याने ३१६ भागिले ३१६ केलं, एक आला, तो ४२१ मधून वजा केला आणि ४२० उरले. सेलला टक्क्यांचा फॉरमॅट दिलेला, त्यामुळे ४२० चे ४२००० टक्के दिसले. गंमत अशी की हेच आकडे, हीच चिन्हं, याच क्रमाने सरांच्या जुन्या साध्या कॅल्क्युलेटरवर दाबली तर बरोबर उत्तर येत होतं. तो बिचारा जसं दाबाल तसं डावीकडून उजवीकडे करत जातो : आधी वजाबाकी, १०५, मग भागिले ३१६, ०.३३२. सर अनेक वर्षं याच यंत्रावर हात बसलेले, त्यांना कंसाची गरज कधी भासलीच नव्हती. मी वजाबाकीला कंस घातला आणि सेलमध्ये ३३.२३ टक्के उमटले.

तरुणाची चूकही चटकन उलगडली. त्याने ४२१ मधून ३१६ वजा केले, १०५ आले, आणि पुढे टक्क्याचं चिन्ह लावलं. वाढ १०५ भागांची आहे हे खरंच आहे. पण ते वाढीचं माप झालं. शेकडा म्हणजे दर शंभरामागे किती, ते अजून काढायचं होतं. वाढ १०५ टक्के असती तर मूळ रकमेत तिच्याहून थोडी जास्तच भर पडली असती आणि आकडा साडेसहाशेच्या जवळ पोचला असता. त्याने स्वतःच मान डोलावली आणि कागद उलटा केला.

खरा प्रश्न उरला २५ आणि ५० चा. हे दोन कागद मात्र सहजासहजी उलटे होणार नव्हते.

मुलीने पंचवीस कसे काढले ते विचारलं. तिने १०५ ला ४२१ ने भागलं होतं. ०.२४९, म्हणजे पंचवीस टक्के. मी म्हणाले, “अगं, जुन्या संख्येने भागायचं असतं ना!” ती म्हणाली, “का पण? आत्ता हवेत ४२१ आहेत. त्यातले १०५ नंतर आलेले. म्हणजे शंभरातले पंचवीस नंतरचे. यात चूक काय आहे?”

मला उत्तर देता येईना. सूत्र मला पाठ होतं : नव्या संख्येतून जुनी वजा करा, जुनीने भागा, शंभराने गुणा. पण जुनीनेच का, हे मी कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

सर उठले आणि खोलीच्या कोपऱ्यात पडलेले लाकडी ठोकळे घेऊन आले. सगळे एका मापाचे. तीन ठोकळे एकावर एक रचून म्हणाले, “हे तुझे ३१६ समज.” मग वर चौथा ठेवला. “हे ४२१.” आम्ही हिशेब करून पाहिला. एक ठोकळा १०५ चा धरला तर तीन होतात ३१५, चार होतात ४२०. दोन्ही आकडे जवळजवळ तंतोतंत बसत होते. मूळ तीन होते तिथे चार झाले, एवढीच या चौसष्ट वर्षांची गोष्ट.

“आता हा वरचा ठोकळा बघ,” सर म्हणाले. “खालच्या तिघांच्या मानाने तो किती?”

“एक तृतीयांश. तेहतीस.”

“आणि या सगळ्या चौघांच्या मानाने?”

“पाव. पंचवीस.” ती जरा थांबली. “ठोकळा तर तोच आहे.”

ठोकळा तोच होता. तो कशाच्या मानाने मोजायचा, एवढ्यावरच आकडा बदलत होता. आणि इथे मला माझ्या मघाच्या उत्तरातली उणीव दिसली. मुलीचे पंचवीस हे चुकीचं गणित नव्हतंच. आजच्या हवेतल्या पातळीपैकी किती हिस्सा १९५९ नंतरचा आहे, या प्रश्नाचं ते अचूक उत्तर आहे. ४२१ वरून पुन्हा ३१६ वर यायचं तर किती टक्के घट लागेल, याचंही तेच उत्तर. मराठीत यासाठी नेमका शब्दही आहे : जुनी पातळी आजच्या पातळीच्या पाऊणपट आहे. पण फलकावरचं वाक्य ‘वाढला’ असं म्हणत होतं. वाढते ती आधी असलेली गोष्ट. १९५९ मध्ये उभं राहून पाहिलं तर हातात तीन ठोकळे आहेत आणि चौथा अजून यायचाय. त्याची तुलना त्या तिघांशीच करता येते. वाढ मोजणारा माणूस सुरुवातीच्या टोकाला उभा असतो, म्हणून भाजक जुनी संख्या.

सरांनी हे मग जुन्या पद्धतीने, त्रैराशिकात मांडलं. ३१६ वर १०५ वाढले, तर १०० वर किती? मला ही मांडणी सूत्रापेक्षा फार आवडते. सूत्रात कोण कुणाला भागतंय हे विसरायला होतं. त्रैराशिकात वाक्यच उच्चारावं लागतं आणि ‘३१६ वर’ म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘४२१ वर १०५ वाढले’ हे वाक्य तोंडातून निघतानाच अडखळतं, कारण तसं घडलेलंच नाही.

ताळाही तिथेच करून पाहिला. ३१६ मध्ये त्यांचे ३३ टक्के, म्हणजे १०४ मिळवले तर ४२० होतात. आपण ४२१ च्या दारात येतो. २५ टक्के, म्हणजे ७९ मिळवले तर ३९५ वरच अडकतो. शेकडा वाढ काढली की ती जुन्या संख्येवर चढवून नवी संख्या येते का ते बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि त्या संध्याकाळी आमच्या चारही कागदांचा निकाल या एका ताळ्याने लागला असता.

राहिले सरांचे पन्नास.

इतक्या अनुभवी माणसाने भागाकारात गफलत केली असेल हे पटत नव्हतं, आणि त्यांनी ती केलेलीही नव्हती. त्यांनी ३१६ वापरलेच नव्हते. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षांत साधारण २८० भाग होता, हा आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता. त्या काळी वेधशाळा नव्हती. ध्रुवीय बर्फात अडकून राहिलेले हवेचे बुडबुडे तपासून हा आकडा मिळाला आहे. २८० वरून ४२१, म्हणजे १४१ ची वाढ; २८० वर १४१, तर १०० वर ५०. ठोकळ्यांतही हे छान बसतं, फक्त ठोकळा १४० चा घ्यायचा : दोन होते, तीन झाले. दीडपट. ‘वातावरणातला कार्बन डायऑक्साइड पन्नास टक्क्यांनी वाढला’ असं जे वाचायला मिळतं, ते या हिशेबाने.

“सर, पण वाक्यात १९५९ लिहिलंय,” तरुण म्हणाला.

“लिहिलंय खरं. मी वाक्य नीट वाचलंच नाही. माझ्या मनात जो ‘मूळ’ आकडा होता तो धरून चाललो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “माझे पन्नास बरोबर आहेत, पण या वाक्यात बसणारे नाहीत.”

मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात जपून ठेवण्यासारखी चूक हीच आहे. सूत्र चुकलं तर ताळा ते पकडतो. पाया चुकला तर ताळाही जुळतो, कारण २८० वर ५० टक्के चढवले की ४२० येतातच. मग चूक उघडी पाडतो तो वाक्यातला शब्द : कधीपासून, कशाच्या तुलनेत. आमच्या फलकाच्या पहिल्या खर्ड्यात तरुणाने एका कोपऱ्यात नुसतंच ‘वाढ : ५० टक्के!’ असं लाल रंगात लिहून ठेवलं होतं, सरांच्या बोलण्यावरून. खाली आलेख मात्र १९५९ पासूनचा. वाचणारा आलेख बघून आकडा ताडून पाहणार आणि त्याचा आमच्यावरचा विश्वास उडणार. बदलाची बातमी खरी आणि गंभीर असते तेव्हा तर हे फारच नुकसानीचं. एक सैल आकडा सापडला की लोक बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही संशयाने बघू लागतात.

मग मुलीने एक सुरेख प्रश्न विचारला. २८० वरून ३१६ पर्यंतची वाढ वेगळी काढली आणि तिच्यात आपले ३३ मिळवले, तर सरांचे ५० यायला हवेत ना? काढून पाहिलं. २८० वर ३६, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. १३ आणि ३३ मिळून ४६. चार टक्के कुठे गेले?

ते कुठेही गेलेले नव्हते. तेरा टक्के मोजले होते २८० च्या गजाने आणि तेहतीस मोजले ३१६ च्या गजाने. दोन वेगळ्या गजांनी मोजलेली लांबी नुसती मिळवता येत नाही. दुसऱ्या टप्प्यातली वाढ ही पहिल्या टप्प्यात वाढलेल्या ३६ वरही झाली आहे, ती या बेरजेत हरवते. पटी मात्र गुणता येतात : १.१२९ गुणिले १.३३२ म्हणजे १.५०४. म्हणून टप्प्याटप्प्याच्या वाढी जोडायच्या असतील तर टक्क्यांना आधी पटींत बदलायचं, गुणाकार करायचा आणि शेवटी एक वजा करून पुन्हा टक्के करायचे. मुलीने वहीत हे तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा ५०.४ आले.

याच कारणाने ‘दरवर्षी सरासरी किती टक्के’ या प्रश्नातही आम्ही घसरणार होतो. तरुणाने ३३.२ ला ६४ वर्षांनी भागून ०.५२ टक्के लिहिलं होतं. पण दरवर्षी ०.५२ टक्के वाढ खरोखर चढवत गेलं तर चौसष्टाव्या वर्षी आपण ४४० वर पोचतो, ४२१ वर नाही. प्रत्येक वर्षाची वाढ आधीच्या वाढीवरही चढत जाते, चक्रवाढ व्याजासारखी. १.३३२ चं चौसष्टावं मूळ काढलं तर बरोबर दर येतो : वर्षाला ०.४५ टक्के. अर्थात हवेतली वाढ अशी एका दराने झालेलीच नाही, त्यामुळे हा आकडा फलकावर घ्यायचा नाही असं आम्ही ठरवलं. गणित बरोबर होतं. ते जे सुचवत होतं ते खरं नव्हतं.

खरं काय होतं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. १९६० च्या दशकात ही पातळी वर्षाला साधारण ०.८ भागांनी वाढत होती. अलीकडच्या दशकात ती वर्षाला २.४ च्या आसपास वाढते आहे. पातळी एक तृतीयांशाने वाढली, पण वाढीचा वेग तिप्पट झाला. इथे पुन्हा एक अडचण आली, आणि ती गणितापेक्षा भाषेची होती. तरुणाने लिहिलं, ‘वेग ३०० टक्क्यांनी वाढला.’ सरांनी खोडलं आणि २०० केलं. ०.८ वर १.६ ची भर, म्हणजे दुप्पट भर, २०० टक्के वाढ. मूळचे शंभर आणि वाढीचे दोनशे मिळून तीनशे. म्हणजे वेग पूर्वीच्या ३०० टक्के *झाला*, पण २०० टक्क्यां*नी* वाढला. एका ‘नी’वर सगळं उभं आहे. ‘तिप्पट झाला’ म्हटलं तर कुणाचा गोंधळ होत नाही. ‘तिपटीने वाढला’ म्हटलं की एकाला तिप्पट ऐकू येतं आणि दुसऱ्याला चौपट. शंभराच्या खालची वाढ असेल तर हा घोळ सहसा होत नाही, कारण ‘३३ टक्के झाला’ हे ऐकताच काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं आणि माणूस सावध होतो. शंभराच्या वर गेलं की हा पहारा उठतो. आम्ही फलकावर ‘तिप्पट झाला’ एवढंच ठेवलं.

आता आकड्यांच्या निवडीबद्दल. तरुणाने वार्षिक सरासरी घेतली होती, आणि आमच्यापैकी कुणी न सांगता घेतली होती, म्हणून त्याचं कौतुक करायला हवं. कीलिंग यांना पहिल्याच वर्षी दिसलं होतं की ही पातळी वर्षभरात वर-खाली होते. मे महिन्यात ती सगळ्यात वर असते. मग उत्तर गोलार्धातली झाडं-पिकं वाढीला लागतात, हवेतला कार्बन शोषून घेतात आणि सप्टेंबरच्या सुमारास ती तळाला येते. फरक सहाएक भागांचा. आता कुणी सप्टेंबर १९५८ चे ३१३ घेतले आणि मे २०२३ चे ४२४, तर वाढ साडेपस्तीस टक्के येते. मे १९५८ चे ३१७.५ आणि सप्टेंबर २०२३ चे ४१८.५ घेतले तर बत्तीसच्याही किंचित खाली. दोन्हीकडचे आकडे खरे, सूत्र बरोबर, ताळा जुळतो, आणि तरी साडेतीन टक्क्यांची तफावत केवळ महिना निवडण्यातून आलेली. ज्याला वाढ मोठी दाखवायची तो एक जोडी उचलेल, ज्याला लहान दाखवायची तो दुसरी. मे ची तुलना मे शी करायची किंवा वर्षाची वर्षाशी.

दशांश चिन्हांचाही एक छोटा वाद झाला. माझ्या सेलमध्ये ३३.२२७८ दिसत होतं आणि मला ते तसंच लिहायचा मोह होत होता. सरांनी विचारलं, “तुमचे मूळ आकडे ‘सुमारे’ आहेत ना? मग उत्तर चार दशांशांपर्यंत नेमकं कुठून झालं?” आम्ही ३३ वर थांबलो.

फलकाच्या दुसऱ्या रकान्यात तापमान होतं, आणि तिथे मी स्वतःहून एक प्रस्ताव ठेवला. कार्बन डायऑक्साइडची वाढ टक्क्यांत देतोय तर पृथ्वीच्या सरासरी तापमानाचीही देऊ, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी शोभतील. औद्योगिक क्रांतीपूर्वी साधारण साडेतेरा अंश सेल्सिअस, २०२३ मध्ये पंधराच्या जवळ. साडेतेरावर दीड, म्हणजे अकरा टक्के. मी लिहायलाही घेतलं.

मुलगी म्हणाली, “फॅरनहाइटमध्ये करून बघू का?” तिने नुसतं सरावासाठी विचारलं होतं. ५६.३ वरून ५९. वाढ २.७. शेकडा ४.८.

तीच पृथ्वी, तीच ऊब, आणि अकराचे पाच झाले. सरांनी केल्व्हिनमध्ये करायला सांगितलं : २८६.६५ वरून २८८.१५. अर्धा टक्का. आम्ही तिघंही त्या तीन आकड्यांकडे बघत राहिलो. इथे हात कुणाचाच चुकला नव्हता. पायाच डळमळीत होता. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू. तो माणसाने सोयीसाठी ठरवलेला आहे, ‘उष्णता मुळीच नाही’ असा त्याचा अर्थ नाही. फॅरनहाइटचा शून्य आणखी वेगळ्या जागी. वजाबाकीला त्याने फरक पडत नाही, दीड अंशांची वाढ ही वाढच आहे. पण भागाकारात जुनी संख्या शून्यापासून मोजलेली असते, आणि तो शून्यच सरकता असेल तर भागाकार कशालाही टेकत नाही. शून्य अंशावरून दीड अंशावर गेलेल्या ठिकाणी तर भागाकारच होत नाही. शून्याच्या खालून वर आलेल्या ठिकाणी वाढ चक्क ऋण येते. केल्व्हिनचा शून्य खरा आहे, तिथे टक्के काढता येतात, पण तो अर्धा टक्का वाचून कुणालाही वाटेल की काही घडलेलंच नाही. हिमयुग आणि आज यांतला फरकही केल्व्हिनमध्ये दोनेक टक्क्यांचाच भरेल. तापमान आम्ही अंशांतच ठेवलं : सुमारे १.५ अंशांनी वाढलं. टक्के गाळले.

तरुणाला यावरून एक जुना वाद आठवला. कुणीतरी त्याला ठणकावून सांगितलं होतं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ‘जेमतेम एका शतांश टक्क्याने’ वाढला आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला. तेव्हा त्याला उत्तर सुचलं नव्हतं. दशलक्षांत ३१६ म्हणजे शंभरात ०.०३१६, आणि ४२१ म्हणजे ०.०४२१. हवेतल्या हिश्शातला फरक ०.०१०५. हिस्साच टक्क्यांत मोजलेला असल्यामुळे हा फरकही टक्क्यांत दिसतो आणि वाढीच्या टक्क्यांचा वेष घेऊन फिरतो. खरं तर तो नुसती वजाबाकी आहे, तरुणाच्या मघाच्या १०५ ची सख्खी भावंडं. फक्त तिथे आकडा फुगला होता आणि इथे आक्रसला. याला काही जण टक्केबिंदू म्हणतात, ते म्हणावं. वाढ मात्र तेहतीस टक्केच. दशलक्षांत मोजा नाहीतर शंभरात, भागाकारात एकक दोन्हीकडून कटून जातं आणि तीन ठोकळ्यांचे चारच होतात.

रात्री उशिरा फलकावरची ओळ ठरली. ‘हवेतला कार्बन डायऑक्साइड (वार्षिक सरासरी, मौना लोआ) : १९५९ मध्ये दशलक्षांत सुमारे ३१६ भाग, २०२३ मध्ये सुमारे ४२१. म्हणजे १९५९ च्या तुलनेत सुमारे ३३ टक्के वाढ. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सुमारे २८० भागांच्या तुलनेत ही वाढ सुमारे ५० टक्के.’ एका ओळीच्या चार झाल्या. तरुणाला ते लांबलचक वाटत होतं, त्याला मोठ्या अक्षरात एकच आकडा हवा होता. मी दोन्ही आकडे आणि दोन्ही पाये शेजारी ठेवण्यावर अडून बसले. वाचणाऱ्याने ठरवावं त्याला कुठून मोजायचंय. आपण फक्त लपवायचं नाही. ओळीखाली चार ठोकळे डिंकाने चिकटवले, तीन बिनरंगी आणि वरचा लाल.

प्रदर्शनात एका पाहुण्याने विचारलं, “आणि २०२४ चा?” आकडा तरुणाजवळ होता : सुमारे ४२४.६. मुलीने तिथेच वही उघडली. ४२४.६ मधून ३१६ वजा केले, ३१६ ने भागलं, म्हणाली, “१९५९ पासून ३४ टक्के.” पाहुणे म्हणाले, “म्हणजे एका वर्षात एक टक्का वाढला.”

“नाही,” ती म्हणाली. “एका वर्षातली वाढ म्हणजे ४२१ वर ३.६. ती ०.८६ टक्के. तुम्ही तोच ३.६ ३१६ वर मोजताय, म्हणून एकाच्या वर दिसतोय.” तिने वही त्यांच्याकडे वळवली आणि दोन्ही भागाकार एकाखाली एक लिहून दाखवले. प्रत्येकाच्या पुढे, कुणी न सांगता, तिने कंसात वर्ष लिहिलं होतं : (२०२३ वर), (१९५९ वर).